वाकड्या झाडापासून चाळीस पावलं

११ जानेवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. एकेक अक्षर अंगठ्याएवढं काढलंयस. दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता आता पत्रसुद्धा पाटीच वाटायला लागलं का तुला? चार ओळींत पान संपलं. मला तीन इयत्तांपलीकडे शाळा नाही, पण बारीक अक्षर मला दिसतं, अजून चष्मा लागलेला नाही. तेव्हा बारीक लिही आणि जरा जास्त लिही.

तू नोकरी सोडून कायमचा इकडे येणार हे पक्कं ना, ते आधी सांग. मागच्या वेळेसारखं 'बघू' म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. मी एकटीसाठी एवढी हाडं झिजवणार नाही. तुझे दाजी गेले, दिराच्या घरात मागच्या खोलीत पडून राहणं मला जमलं नाही, म्हणून मी बापाच्या जमिनीवर आले. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोपटात माझं भागतं. घर उभं करतेय ते तू येणार म्हणून.

आईच्या मागे जुनं घर पडलं, आणि वीस वर्षं इथं कोणी कोयता घातलेला नाही. काटेरी झुडपं माझ्या डोक्याच्या वर. वरून तोडून भागत नाही, आठ दिवसांत पुन्हा फुटतात, मुळासकट उपटावी लागतात. हाताखाली एकच माणूस आहे. सगळे त्याला मुका म्हणतात, कारण तो सकाळी तोंड उघडतो ते संध्याकाळी मिटतो. पण बोलता बोलता हात चालतात त्याचे, म्हणून ठेवलाय.

निम्मं रान मोकळं झालं. वरच्या अंगाला जे वाकडं झाड होतं ते तोडलं, खुंटही खणून काढला आणि जाळला. सगळ्या रानात तेवढीच जागा उंच आणि सपाट, घर तिथंच बांधायचं. ओढ्याच्या काठाला घुशीचं मोठं बीळ होतं. बारा महिने त्यातून पाणी झिरपायचं आणि काठ ढासळायचा. मी आणि मुक्यानं त्यात पहारीनं दगड ठोकून, वर माती दाबून ते कायमचं बंद केलं. आता एक थेंब येत नाही.

येताना गुडघ्यापर्यंतचे बूट आण. ओढ्याकडे अजून चिखल आहे.

ताई


२ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार केला असं समज, वाकायला आता कंबर देत नाही.

येणार हे पक्कं. पावसाळा सरला की मालकाला सांगून निघतो. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं रंगवली, आता पुरे. एकदा ते रान डोळे भरून बघायचंय, बाकी काही नको.

अक्षर मोठं येतं त्याला काय करू, हाताला सवय लागली.

वाकडं झाड तोडलंस हे वाचून कसंतरी झालं. त्याच झाडाशी उभा राहून मी मोजायला लागायचो. असो, तोडलंस ते तोडलंस. ते घुशीचं बीळ मात्र नेमकं कुठं होतं ते मला कळव. ओढ्याच्या वळणाच्या वर की खाली? सहज विचारतोय.

जपून काम कर. मुक्याला माझा निरोप सांग की एक दिवस तरी गप्प बस.

तुझा बारक्या


२० फेब्रुवारी

बारक्या,

मोजायचास म्हणे. लपाछपीत तू कसं मोजायचास ते मला माहीत आहे, पाचनंतर एकदम वीस. झाडाचं दुःख नको करूस. घर झालं की दारात दुसरं लाव.

बीळ कुठं होतं ते मला लिहून सांगता येणार नाही. वर, खाली, डावीकडे, असलं लिहायला लागले की माझंच डोकं फिरतं. खाली चित्र काढलंय. निम्मी सकाळ गेली त्यात. वळणाचा ओढा आहे, बिळाला भोपळ्याएवढा गोल केलाय, घराचा चौकोन आहे. बघ म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट. मुळं खणताना खाली दगड लागलेत. चांगले सपाट, हाताला गुळगुळीत. कुठं आणि कसे ते चित्रातच आहे, ठिपके म्हणजे दगड. गवंडी बघून गेला. म्हणतो, बाई, जोत्याला याच्याहून चांगला दगड मागूनही मिळणार नाही. मुका म्हणतो जुन्या भिंतीचा पाया असेल. पण मला जरा चमत्कारिक वाटतंय. इथं भिंत कोणी आणि कशाला बांधली असेल? आपला बाप तर जन्मभर उंबऱ्यात बसून राहिला, त्यानं दोन दगड एकावर एक ठेवलेले मी पाहिले नाहीत. तू माझ्यानंतर सहा वर्षं त्या घरात होतास, तुला माहीत असेल. चित्र नीट बघ आणि सांग, दगड काढू की नको. तुझं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही. गवंडी घाई करतोय, त्याला मी थांबवलंय.

ताई


९ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पत्र दुसऱ्याच्या हातचं पाहून घाबरू नकोस. हातावर गरम तेल सांडलं, बोटं भाजली आहेत. खालच्या मजल्यावर शिंपी राहतो. तो भला माणूस आहे, मी सांगतो तसं लिहितो.

तुझं चित्र पाहिलं. छान काढलंयस. सगळं नीट कळलं. बिळाचं मी उगाच विचारलं होतं, ते घुशीचंच असणार.

दगड काढायला काही हरकत नाही. रानातले दगड आहेत, कधी ना कधी काढावेच लागले असते. जोतं उंच घे. मला चार पायऱ्या असलेलं घर हवं.

तुझा बारक्या


१५ एप्रिल

बारक्या,

हात अजून बरा झाला नाही का? कसला शिंपी तो, साष्टांग नमस्कार म्हणे. तू मला जन्मात साष्टांग घातला नाहीस. पण अक्षर मोत्यासारखं आहे त्याचं. त्याला सांग, कापड कापताना बोलतोस तसं लिही, माझ्यासारखीला समजेल असं.

जोतं झालं. ऐक आता नीट, कारण असं मी रोज लिहिणार नाही.

ते दगड संपता संपेनात, बारक्या. मी म्हटलं दहा-वीस निघतील. पण ते निघाले ते एका रांगेत, एकामागून एक. खाली सपाट, दोन बाजूंना उभे, वर झाकण, जणू कोणी पेटी करून ठेवली होती. झाडाच्या खड्ड्यापासून सुरू झाली ती रांग थेट ओढ्याकडे गेली, मध्ये एकदा वळली. आम्ही रांगेच्या मागे मागे खणत गेलो. मुका दोन दिवस बोलला नाही, तेव्हा समज काय काम असेल ते. गाड्याच्या अकरा खेपा झाल्या. मग सगळा खड्डा मुळं, पालापाचोळा आणि माती घालून बुजवला आणि वर तुडवून तुडवून सपाट केला. आता कोणी आलं तरी सांगू शकणार नाही की इथं काही होतं.

जोत्याच्या तळाला दगड नुसते रचलेत, वरून गवंड्यानं पक्कं केलंय. चार नाही, पाच पायऱ्या घेतल्या. काल संध्याकाळी मी वरच्या पायरीवर बसले आणि रानाकडे बघितलं. एक झुडूप नाही. ताटासारखं सपाट. मी हसले एकटीच. मुका म्हणाला, बाई, तुम्हाला दात आहेत हे आज कळलं.

पाऊस यायला दीड महिना आहे. भिंती तोवर होतील. तुझी खोली ओढ्याच्या बाजूला ठेवलीय, मोठी खिडकी घेतलीय. बघत बसायला तुला आवडतं म्हणून.

लगेच उत्तर पाठव.

ताई


२० मे

बारक्या,

महिना झाला, उत्तर नाही. हात भाजला होता की जीभ? भिंती झाल्या, पत्रे चढले. दोन ओळी पाठव. शिंप्याला वेळ नसेल तर कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून पाठव, म्हणजे जिवंत आहेस एवढं कळेल.

ताई


२ जुलै

बारक्या,

तू मेला नाहीस हे मला माहीत आहे, कारण मेला असतास तर कोणीतरी कळवलं असतं. म्हणून लिहिते.

रानात पाणी भरलंय. पाऊस सगळीकडे पडतो. शेजारच्याच्या रानातलं पाणी दुसऱ्या दिवशी उतरतं. आपल्याकडे बारा दिवस झाले, उतरत नाही. वरून येतं त्यापेक्षा खालून जास्त येतं. पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. मी आणि मुक्यानं तीन चर खणले पाणी काढायला. संध्याकाळी खणले, सकाळी दोन्ही बाजू आत बसलेल्या, चर कुठं होता तेही दिसेना. पुन्हा खणले, पुन्हा बसले. ही माती उभी राहत नाही, खिरीसारखी वाहते. मुका काल काम सोडून गेला. जाताना म्हणाला, बाई, मी माणसांशी दिवसभर बोलेन, पण या मातीशी बोलून उपयोग नाही.

आणि घरात पाणी आलंय. पाच पायऱ्यांच्या वर नाही, खालून. तुझ्या खोलीची जमीन मधोमध फुगलीय, तिथं फट पडून पाणी वर येतं. सगळ्या रानाचं पाणी जोत्याखाली येऊन बसतंय. गवंडी येऊन बघून गेला, डोकं खाजवलं आणि दुसरीकडे काम आहे म्हणाला.

मी लहान असताना हे रान असंच होतं. दलदल. म्हशीसुद्धा इकडे फिरकत नसत. पण लग्नानंतर माहेरी यायचे तेव्हा कोरडं खणखणीत असायचं. मला वाटायचं आपोआप सुकलं. आपोआप काही होत नाही एवढं मला या वयात कळतं. बारक्या, तुला काहीतरी माहीत आहे. सांग.

ताई


२० जुलै

ताई,

शिंप्याला सांगितलंय, एक शब्द बदलायचा नाही, एक गाळायचा नाही.

मला दिसत नाही. हात भाजला नव्हता. दोन वर्षांपासून कमी होत होतं. म्हणून अक्षर मोठं काढत होतो. पाट्यांच्या ओळी वाकड्या यायला लागल्या, मालकानं डिसेंबरात काम काढून घेतलं. फेब्रुवारीपासून कागदावरचं काहीच दिसत नाही, नुसता उजेड कळतो. डॉक्टर म्हणतात, तोही जाईल.

तुझं चित्र मी पाहिलं नाही. शिंपी पत्र वाचून दाखवत होता. चित्राशी आला तेव्हा म्हणाला, खाली रेघोट्या आणि ठिपके आहेत. मी म्हटलं, असू दे, आणि चराचे दगड नसतील ते अशी मनाची समजूत घातली. विचारलं असतं तर त्यानं बोटानं माझ्या तळहातावर काढून दाखवलं असतं. पण तुला लिहावं लागलं असतं की मला दिसत नाही, आणि मग तू आंधळ्यासाठी घर बांधलं नसतंस. मला असं वाटलं. तू बांधलं असतंस हे आता कळतंय.

ते दगड म्हणजे बापाचा चर होता. तुझं लग्न झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यानं तो केला. वाकड्या झाडाच्या मुळाशी झरा आहे. तिथली जमीन मऊ, म्हणून तर ते झाड कललं होतं. झऱ्याचं आणि रानाचं सगळं पाणी त्या दगडी पेटीतून जमिनीखालून ओढ्याला जायचं. उघडा चर या मातीत टिकत नाही हे त्याला तुझ्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात खणून खणून कळलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. रोज दगड वाहायचो. कुठं खणायचं ते बाप आधी पाणी ओतून, ते कुठं जातं बघून ठरवायचा. मग मला झाडाशी उभं करायचा आणि म्हणायचा, चाल, मोज. झाडापासून चाळीस पावलं, मग डावीकडे, मग पासष्ट, की ओढा. मी मोजायचो म्हणालो ते हे. ते घुशीचं बीळ नव्हतं. ते चराचं तोंड होतं.

त्यानंतर बापाची पाठ गेली. तू माहेरी यायचीस तेव्हा तो उंबऱ्यात बसलेला दिसायचा तो त्यामुळे. मला वाटलं, आईनं तुला सगळं सांगितलं असेल.

याहून वाईट पुढं आहे. एप्रिलचं पत्र वाचून घेतलं त्याच दिवशी मला सगळं कळलं. एका रांगेत, पेटीसारखे. तेव्हाच सांगितलं असतं तर दीड महिना हातात होता, दगड परत घालता आले असते. नाही सांगितलं. तू पायरीवर बसून हसलीस असं लिहिलं होतंस. तुझं तसलं पत्र मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शिंप्याकडून तेवढा भाग तीनदा वाचून घेतला. रोज ठरवायचो उद्या लिहू. मग पाऊस आला.

बारक्या

(बाई, हे मी शिंपी माझं स्वतःचं लिहितो. चूक माझीही आहे. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी चित्र घाईत उरकलं, ठिपके एका रांगेत आहेत हे सांगायचं गाळलं. एरवी कापडावरची बारीकशी खूण मी सोडत नाही. हे मी त्याला वाचून दाखवलेलं नाही.)


६ ऑगस्ट

बारक्या,

रागावले आहे. पुरतं रागावून झालं की कळवीन, अजून बरेच दिवस लागतील.

डोळे गेले हे तू बहिणीला सांगितलं नाहीस. मी तुला बोट धरून चालायला शिकवलं, तेव्हा तुला डोळे असूनही तू भिंतीवर आदळायचास. आंधळ्यासाठी घर बांधलं नसतं म्हणे. खिडकी लहान ठेवली असती, एवढंच.

आणि मी तुला किती लिहिलं त्या चष्म्याचं, मोठ्या अक्षराचं. ते शिंपी तुला वाचून दाखवत होता का? एवढं तरी गाळायचं होतं त्यानं.

बापाचं डोक्यातून जात नाही. मी आयुष्यभर त्याला आळशी म्हटलं. त्याच्या तोंडावर म्हटलं. तो नुसता हूं म्हणायचा. त्याच्या पाठीची किंमत होती ती रांग. मी ती हातानं उपसली, आणि उपसून झाल्यावर हसले.

तू सांगितलेल्या पावलांनी चालून बघितलं. झाड नाही तर सुरुवात कुठून करायची? घराच्या पायरीपासून केली. पण ती पावलं बारा वर्षांच्या पोराची, डोक्यावर दगड असलेल्या पोराची. मी गुडघे वाकवून, ढांगा लहान करून चालले. रस्त्यावरून बायका बघत होत्या. चाळीस होईपर्यंत चिखलात रुतून बसले.

चित्र तुला दिसत नाही आणि मला लिहून सांगता येत नाही. म्हणून सोबत कापड पाठवलंय. जाड दोऱ्यानं शिवलंय. तिहेरी दोरा आहे तो ओढा. गाठ आहे ते चराचं तोंड. लांब टाका म्हणजे दगडांची रांग, मी खणली तशी, आठवून शिवलीय. चौकोन म्हणजे घर. बोट फिरव आणि सांग, रांग बरोबर आहे का. रांग सापडली तर पाऊस गेल्यावर पुन्हा खणता येईल.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

कापड मिळालं. शिंपी म्हणतो, टाका कच्चा आहे पण माणूस पक्का आहे.

दोन दिवस ते मांडीवर घेऊन बसलो. ओढा ओळखला, तोंड ओळखलं. वळण अगदी बरोबर आहे, मला बोटाखाली बाप दिसला, खणताना थांबून घाम पुसणारा. एवढं स्पष्ट मला डोळे असताना आठवलं नव्हतं.

पण ताई, रांगेची सुरुवात चौकोनाच्या आत आहे. घर झऱ्यावर बांधलं गेलंय. आणि जोत्याच्या तळाचे दगड नुसते रचलेत असं तू लिहिलं होतंस. तेच दगड. ते पाणी ओढून घेतात, तेवढंच त्यांना येतं. पूर्वी ओढ्याला नेऊन सोडायचे, आता घराखाली आणून सोडतात. पुढची रांग सापडली तरी तिला घालायला दगड घराखालचेच. ते काढायचे तर घर पाडावं लागेल. घर पाडून चर घातला तर राहायचं कुठं? मी सगळ्या बाजूंनी बोट फिरवून पाहिलं, दुसरी वाट लागत नाही.

तरी मी येतो. खोली सोडतोय असं घरमालकाला सांगितलंय. चिखल तर चिखल. तुझ्या खोपटात एका कोपऱ्यात पडून राहीन. तू फक्त ये म्हण.

बारक्या

(बाई, हे माझं. इथं आंधळ्या माणसांची एक संस्था आहे, तिथं खुर्च्या विणायला शिकवतात, जेवण आणि खाट देतात. मी रदबदली करून त्याच्यासाठी एक खाट धरून ठेवली आहे. ऑक्टोबर अखेरपर्यंतच ती राहील, मग दुसऱ्याला जाईल. तो जात नाही. ताई बोलावणार म्हणतो. गेल्या आठवड्यात जिन्यावरून दोनदा पडला. ओढा, चिखल आणि तो, हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही. काय ते तुम्ही सांगा. तुमचंच ऐकेल.)


२५ सप्टेंबर

शिंपीदादा,

हे पान तुमच्यासाठी. ते त्याला वाचून दाखवू नका. दुसरं पान वाचा.

घर गेलं. दहा तारखेला ओढ्याकडची भिंत खाली बसली, तिच्याबरोबर त्याची खोली. खिडकी चौकटीसकट आडवी पडलीय, आत पाणी आहे. बाकीच्या भिंती उभ्या आहेत त्या कशाच्या आधारानं कोण जाणे. मी आत जात नाही.

चराचं तोंड मोकळं करायला गेले होते. मीच एवढं ठोकून बसवलंय की पहार वाकली. काठ ढासळला आणि सगळं ओढ्यात गेलं, आता तोंड कुठं होतं तेही राहिलं नाही. मुक्याला निरोप पाठवला. तो आला, रस्त्यावर उभा राहून बघितलं आणि काही न बोलता परत गेला.

खोपटातही ओल आलीय. या वर्षी काही होणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. माझं वय आता अकरा गाडे दगड दुसऱ्यांदा काढायचं नाही. दीर न्यायला येतोय. जाईन. मागची खोली अजून रिकामी आहे म्हणतो.

तिथं मी बारक्याला नेऊ शकत नाही. दिराला विचारलं. तो नाही म्हणाला नाही, नुसता जेवत राहिला. मला कळलं.

म्हणून त्याला त्या खाटेवर जाऊ द्या. खरं सांगितलं तर तो इथं येईल, मला सावरायला म्हणून येईल. दुसऱ्या पानावर मी जे लिहिलंय ते सगळं खोटं आहे. तुम्ही एकदा माझ्या पत्रातलं गाळलंत. आता हे पान गाळा, म्हणजे फिटलं. वाचताना आवाज साधा ठेवा. त्याला कान चांगले आहेत.

सोबत दुसरं कापड आहे. त्यात घर मी रांगेवरून उचलून बाजूला शिवलंय. टाके तुम्ही एकदा बघून घ्या. कुठं सैल असेल तर घट्ट करून मग त्याच्या हातात द्या.

पत्र पाठवायचं तर दिराच्या पत्त्यावर पाठवा, मागे लिहिलाय. त्यानं पत्ता का बदलला विचारलं तर सांगा, रस्त्याचं काम चालू आहे म्हणून टपाल तिकडं घेतेय.

बाई


२५ सप्टेंबर

बारक्या,

रागावून झालं. आता कामाचं ऐक.

तुझी पावलं बरोबर निघाली. तू वळण सांगितलंस तिथंच खणलं आणि जुनी माती लागली, बापानं खणलेली, रंगानं वेगळी. मुका परत आलाय, आधीपेक्षा जास्त बोलतो. चराचं तोंड मोकळं केलं तेव्हा एवढं पाणी सुटलं की ओढा तासभर गढूळ होता. रान वरच्या अंगाकडून सुकत येतंय.

घर पाडावं लागलं, ते खरं. पण भिंती जपून उतरवल्या. जोत्याचे दगड चरात परत जातायत, एकेक, बापाच्याच रांगेत. घर आता बाजूला बांधायचं, नव्या दगडाचं. गवंडी म्हणतो, घाई करायची नाही, एक पूर्ण पावसाळा जमीन बसू द्यायची, मगच पाया. यावेळी मी त्याचं ऐकणार आहे. म्हणजे अजून वर्ष, फार तर दीड वर्ष.

तोवर तू इथं येऊन कोपऱ्यात बसलेला मला चालणार नाही. बसलेला पुरुष मी एक बघितला आणि त्याला नको ते बोलले. तू त्या संस्थेत जा आणि खुर्च्या विणायला शीक. इथं नव्या घरात दोन खुर्च्या लागतील, बाहेर पायरीशी ठेवायला. त्या तू विणलेल्याच पाहिजेत, विकतच्या मी घेणार नाही. शिंपीदादा सांगतील त्या दिवशी जा. 'बघू' म्हणायचं नाही.

कापड पाठवतेय. घर कुठं हलवलं ते बोटानं बघून घे. झाडाच्या जागी मी नवीन रोप लावलंय, तिथं गाठ मारलीय. तू येशील तोवर हाताला लागेल एवढं होईल. तिथून मोजायला सुरुवात कर.

गुडघ्यापर्यंतच्या बुटांचं मी लिहिलं होतं. ते आता आणू नकोस. इथं चिखल राहिला नाही.

ताई